खडा सापडेपर्यंत

हिऱ्याच्या व्यापारातल्या त्या घराचा रिवाज रीताला लग्नाच्या आठवड्यातच कळला होता. खडा पडला की जो तो जागच्या जागी थांबतो; खडा सापडेपर्यंत कोणी उंबरा ओलांडत नाही. आज दीर भूषण तिच्या नवऱ्याशी भांडून, बॅग घेऊन कायमचा निघाला. वरठी स्टेशनवरून गाडी होती. हिरे निवडत बसलेल्या सासूबाई मान न उचलता म्हणाल्या, “खडा पडला.” भूषण दारातच थबकला. दोघे भाऊ एकाच टॉर्चच्या उजेडात फरशीवर पालथे झाले. “तुह्या गुडघ्याखाली पाह्य.” “तूच सरक ना.” सासूबाईंच्या हातून खडा पडलेला रीतानं कधी पाहिला नव्हता. तिनं फरशीऐवजी त्यांचा हात पाहिला. बोटांच्या फटीत हिरा चमकला. “आई, हा तर...” “शोधू दे त्याईले,” त्या पुटपुटल्या, “गाडी जाऊ दे.” रीताही मग खाली बसली. “अहो, कपाटाखाली पाह्यलं का?”