फिरती डिश

रिटायर झालेल्या लाइनमनने गच्चीवर आठ फुटी डिश उभी केली. तिला मोटर बसवली आणि सी-बँड, केयू-बँड असे दोन्ही प्रकारचे सिग्नल एकाच डिशवर पकडले. रिमोट दाबला की डिश फिरायची आणि नवा उपग्रह गावायचा. पण घरात कौतुकाच्या नावाने बोंब. "बाबा, मोबाइलवर सगळं दिसतं. भंगारात घाला ते धूड," मुलाने तोंडावर सांगितलं.

बायको मात्र हल्ली पार बदलली होती. सकाळी म्हणायची, "अहो, पश्चिमेकडचं काहीतरी लावून ठेवा, आलेच मी." दुपारी म्हणायची, "आता पूर्वेकडचं लावा." लाइनमन हरखला. चला, घरात एकाला तरी आपली किंमत कळली! "आईकडून शीक जरा," त्याने मुलाला ठणकावलं.

आज परदेशी बातम्या सुरू झाल्या तरी ती येईना, म्हणून तो हौसेने तिला बोलवायला गच्चीवर गेला.



ओली चादर झटकत ती शेजारणीला सांगत होती, "दोरीवर सावली पडते, ती डिश वळवा, म्हणून वर्षभर घसा फोडला, ढिम्म हलले नाहीत. आता चॅनल मागते, तर कपडे कसे कडकडीत वाळतात बघा!"