चेहऱ्याला शोभेल असा आवाज

डॉक्टर इद्रिस सिद्दींनी बाळ वाचवलं. पण तसं काही घडलंच नाही, असं धरून चालू.

दवाखान्यात सगळ्यांच्या, डॉक्टरांच्याही कानात यंत्र असायचं. हजारो सिनेमे पाहून शिकलेलं ते यंत्र माणसाच्या चेहऱ्याला शोभेल असंच बोलणं ऐकवायचं. मूळ मुरुडचेच असलेले डॉक्टर सिद्दी बाळाच्या आईला म्हणाले, "ताई, घाबरू नका, बाळ माझ्याकडे द्या." त्यांचा काळा चेहरा पाहून यंत्राने ताईंना ऐकवलं, "पोरगं मुकाट्यानं दे!" निळं पडलेलं बाळ घेऊन ताई दाराकडे पळाल्या.

शेवटी डॉक्टर खरोखरच दरडावले, "पळालीस तर बघ!" यंत्राला बदलण्यासारखं काही सापडलं नाही. ताईंनी बाळ दिलं. डॉक्टरांनी श्वास चालू करताच ते रडलं.

ताईंनी जे ऐकलं त्यावरून पोलिसांनी अपहरणाचा गुन्हा नोंदवला. डॉक्टर आता घरी स्वतःच्या मुलीलाही "दूध पी" असं गुरगुरूनच सांगतात.

त्यांचा अर्ज दवाखान्यात पडून आहे: "सबब विनंती, की अर्जदाराचा मूळ आवाज किमान अर्जदारास ऐकू यावा."