कासारणीचा हात

"मावशी, मूठ वळा," डॉक्टर पुन्हा म्हणाले. अर्धांगवायूनं लुळ्या पडलेल्या माझ्या उजव्या हातावर त्यांनी वायरी चिकटवल्या होत्या. स्नायूनं जराशी जरी ओढ घेतली, की पडद्यावरची रेघ उठणार आणि हातावर चढवलेला यंत्राचा पंजा माझी बोटं मिटवणार. महिना झाला, रेघ आडवीच.

"जोर लावा हो! बांगड्या भरल्यासारखं काय करताय?"

माझं डोकंच फिरलं. मी कासारीण. चाळीस वर्षं बायकांचे हात दाबून, चेपून बांगड्या भरल्या. त्याला जोर लागत नाही होय?

"मूठ वळायचं काम या हाताला कधी नव्हतंच," मी म्हटलं. "तुमचा हात द्या इकडं."

त्यांनी हसत हसत हात माझ्या लुळ्या तळव्यात ठेवला. बांगडी चढवताना गिऱ्हाइकाचा अंगठा आत दुमडून हात चेपतात, तसा मी तो चेपायला गेले. रेघ टुणकन उठली. पंजा गच्च मिटला.

"आई गं!" डॉक्टर कळवळले.

"पावणेतीनचं माप," मी म्हटलं. "बोला, हिरव्या भरू की लाल?"