मॉरिशसला जाण्याचं कारण

गुरुवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, कुवेत विमानतळावर, पासपोर्ट तपासणीच्या रांगेतून रत्नमालाबाई बाहेर पडल्या आणि समोरच्या बाकावर जाऊन बसल्या. आपण येणार नाही, असं त्यांनी मुलाला, मुकेशला, सांगितलं. बॅगा केव्हाच आत गेल्या होत्या. दुबईमार्गे मॉरिशसला नेणारं विमान सव्वादोनला होतं.

कारण एक फोन. थोड्या वेळापूर्वी मुकेश पाणी आणायला गेला, तेव्हा त्याचा मोबाइल आईच्या हातात होता. सून समिधाने त्यात बेटाचे फोटो उघडून दिले होते. पांढरी वाळू, विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड, कापडाचा बाजार. मधेच फोन वाजला, स्क्रीनवर लवूचं नाव आलं आणि त्यांनी तो उचलला. लवू मुकेशच्या कंपनीच्या अर्दियातल्या गोदामात काम करायचा. मूळचा देवगडचा.

"साहेब, आवशीक बरा वाटता मा आता?" त्याने आईची चौकशी केली.

"कोणाच्या आवशीक?"

"मुकेशसाहेबांच्या. कुडाळाक हॉस्पिटलात आसत ना त्या? सिरियस?"

"मीच ती," रत्नमालाबाई म्हणाल्या.

मग लवूने उरलेलंही सांगून टाकलं. मुदीरांनी, म्हणजे कंपनीच्या कुवेती साहेबांनी, दुपारच्या नमाजानंतर सगळ्या कामगारांना मटण बिर्याणी घातली होती. मुकेशच्या आईच्या नावाने.

"बिर्याणी बरी होती, काकी," लवू शेवटी म्हणाला. दुसरं काय बोलावं, त्याला सुचलं नसावं.

मुकेश पाणी घेऊन आला तेव्हा रांग काउंटरपर्यंत पोचत आली होती आणि आई रांगेत नव्हती.

"मी जिती आसताना माझ्या नावान माणसां जेवली," त्या म्हणाल्या. "तुया थंय काय सांगितलंस, झिला?"

मुकेशने खालच्या आवाजात सांगितलं. देशाबाहेर पडायचं तर कंपनीची परवानगी लागते. फिरायला जातो म्हटलं असतं तर ती मिळाली नसती. आई आजारी आहे म्हटल्यावर दहा मिनिटांत मिळाली.

"मी सांगत होते," समिधा म्हणाली. ती हॉस्पिटलात नर्स होती आणि रात्रपाळी संपवून थेट आली होती. "सरळ माग म्हणत होते. पण नाही."

"सरळ मागून दोन वर्षं झाली. उन्हाळा संपला की बघू, रमजान संपला की बघू. तुला माहीत नाही?"

"मला एवढंच माहीत आहे की सालमियाच्या आपल्या खिडकीतून समुद्र दिसतो. आईंच्या परसामागे समुद्र आहे. आणि आपण तिसरा समुद्र बघायला निघालोय, आईंना हॉस्पिटलात घालून."

"आजी, इट्स जस्ट अ रीझन," अकरा वर्षांची सुखदा म्हणाली. "एव्हरीबडी डझ इट."

"तू गप," मुकेश आणि समिधा एकदमच म्हणाले.

मुकेश आईसमोर उकिडवा बसला. "आई, ते जेवण तसं नाही गं. त्यांच्यात आजारी माणसाच्या नावाने घालतात. बरं वाटावं म्हणून. चांगलंच केलं की त्यांनी."

"आमच्यात गेल्ल्या माणसाच्या नावान घालतत. तेराव्याक. तुझ्या बापाशीच्या वेळी तूच वाढत होतंस."

मॉरिशसहून रत्नमालाबाई परस्पर मुंबईला जाणार होत्या. पुन्हा त्या कुवेतला कधी येतील, येतील की नाही, कोणी सांगू शकत नव्हतं. एवढ्याचसाठी ही सहल होती.

"मग काय करू?"

"फोन लाव तुझ्या सायबाक. आई बरी आसा म्हणान सांग. माझ्या कानांनी आयकूचा आसा माका. मगच उठतंय."

"आत्ता? विमानात बसल्यावर लावतो."

रत्नमालाबाईंनी चपला काढल्या आणि पाय बाकावर घेऊन मांडी घातली.

"लाव बाबा," समिधा म्हणाली. "लाव एकदाचा."

मुकेशने स्पीकर सुरू करून फोन लावला. मुदीरांनी लगेच उचलला.

"मुकेश! माँ कैसा?"

मुकेशने आईकडे पाहिलं. "माँ ठीक है, सर. एकदम ठीक."

"अल्हम्दुलिल्लाह!" मुदीर इतक्या जोरात म्हणाले, की रांगेतले दोघे-तिघे वळून बघायला लागले. त्यांनी तिकडे कोणाला तरी अरबीत बातमी दिली. तिकडूनही तीन-चार अल्हम्दुलिल्लाह आले.

रत्नमालाबाई उठल्या. चपला घातल्या, पदर सारखा केला, नातीचा हात धरला.

"चला," त्या म्हणाल्या. "खयचो समुद्र दाखवतास तो दाखवा."

रांग आता मोकळी झाली होती. आजी आणि नात थेट काउंटरवर गेल्या. समिधाने पर्स उचलली. मुकेश जागचा हलला नाही, कारण फोन सुरू होता आणि मुदीर अजून बोलत होते. खूप खुशीत होते.

"माँ ठीक, तो तुम अभी काहे को जाता? टिकट का पैसा कंपनी देगा. संडे तीन कंटेनर आता. तुम ड्यूटी आता ना?"

दुबईच्या विमानाची घोषणा झाली, आधी अरबीत, मग इंग्रजीत. काउंटरवरच्या माणसाने रत्नमालाबाईंच्या पासपोर्टवर शिक्का मारला आणि पुढच्या माणसासाठी हात पुढे केला.

"हॅलो? मुकेश?"