फणसाची गिटार

बाबांना त्यांच्या गुरूंनी दिलेली शतकभर जुनी गिटार तारांचा ताण सोसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी वाजवणेच सोडले. मी फणसाच्या लाकडातून तिची प्रतिकृती घडवू लागलो. “फणसाचा मृदंग होतो रे, गिटार कसली! त्यापेक्षा मिरजोळ्याला कारखान्यात चिकट,” बाबा म्हणाले. मी रंधा चालवत राहिलो. जुन्या गिटारच्या पोटातली आधारपट्टी तिरकी होती. कारागिराची चूक समजून मी ती सरळ बसवली. नव्या गिटारचा आवाज घुमेचना. बाबांनी तोंड फिरवले. मी तिची पाठ उकलून पट्टी जुन्या गिटारसारखी तिरकी चिकटवली. आज गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी कचरत तार छेडली. सूर ओटी ओलांडून माडांपर्यंत गेला. “अरे, फणस गायला लागला की!” बाबा हसले. “अहो, पानं वाढलीत!” आईने हाक मारली. खुंटीवरच्या जुन्या गिटारला ऐकवावे तसे बाबा वाजवतच राहिले.