आबांचं सांगायचं राहिलं

कोल्हारला प्रवरेकाठी आबांच्या दहाव्याचा पिंड मांडून कितीतरी वेळ झाला, पण कावळा काही शिवेना. बाभळीवर कावळे बसून होते आणि खाली भावकी ताटकळली होती. थोरला मुलगा हर्षल हात जोडून ओरडला, "आबा, आईला अंतर देनार न्हाई!" कावळे ढिम्म.

शेवटी त्यानं मोबाईल काढला. आबांचे सगळे मेसेज, सगळं बोलणं त्यानं त्यातल्या एआयला आधीच देऊन ठेवलं होतं. "मानसाला न्हाई कळत ते ह्याला कळतं," म्हणत त्यानं विचारलं, "आबांची कुठली इच्छा राहिली?" मोबाईलनं भराभर सांगितलं, बहिणीचं माहेरपण, धाकट्याचं लग्न, विहिरीचं काम. हर्षलनं घसा बसेस्तोवर एकेक कबूल केलं. उन्हानं पिंड सुकायला लागला.

तेव्हा त्याची आई, साळूबाई, बोलली. "त्या मोबाईलला कसं ठाव असनार, बाबा? दवाखान्यात शेवटच्या दिशी ह्यांनी तुला हाका मारल्या. म्हनले, हर्षल, जवळ ये, कायतरी सांगायचंय."

हर्षलला आठवलं. "थांबा आबा, आधी तुमचे रिपोर्ट ह्याला विचारतो," असं तो मोबाईलमधून मान वर न करताच म्हणाला होता.

मोबाईल वाळूत टाकून तो बाभळीखाली धावला. "आबा, काय सांगायचं हुतं? ऐकतोय मी, बोला की!"

त्या आवाजानं कावळे बिचकले आणि नदीपार उडून गेले.