चारशेत एक

काइसाने अस्वलराजाच्या मानेत शेवटचा बाण मारला. राक्षस आडवा झाला तशी ती हेडफोनमध्ये म्हणाली, "डॅड, पेटी उचललीस?"

"उचलली."

"मग गावात जा आणि उघड. वाटेत फुलं बघत बसू नकोस."

सिअ‍ॅटलमध्ये रविवारची सकाळ होती. तिकडे दूर डलूथ शहरात तिचे वडील, रेइनो लाम्पी, चर्चमधून येऊन आपल्या कॉम्प्युटरवर याच खेळात उतरले होते. कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. राक्षस मेला की एक बंद पेटी पडायची. ती गावातल्या लोहाराकडे नेऊनच उघडायची, आणि आत काय आहे ते नेणाऱ्यालाच दिसायचं. पळत पळत बाण मारायचे तर अंगावर ओझं नको, म्हणून पेट्या वाहायचं काम वडिलांकडे. त्यांच्या खेळाडूचं नावच काइसाने 'हमाल' ठेवलं होतं. त्यांनीही ते हसत लावून घेतलं होतं.

"दोन गंजक्या तलवारी," रेइनो वाचू लागले. "एक फुटकी ढाल. आणि एक बूट. डावा."

"मुकुट?"

"नाही गं."

काइसाने वहीत रेघ मारली. आजची चाळिसावी. साठ रविवार, दर रविवारी चाळीस पेट्या, एकूण दोन हजार चारशे. सोन्याचा मुकुट मात्र एकदाही नाही. "तो मिळाला की मी या खेळातून सुटले, रविवार मोकळे," असं तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं.

काइसाला आपल्या गणिताचा अभिमान होता आणि तो लपवण्याच्या भानगडीत ती कधी पडली नाही. खेळाडूंच्या चर्चेच्या पानावर रोज कुणीतरी रडत यायचं. चारशेत एकदा मुकुट निघतो म्हणता, मग चारशे पेट्या उघडूनही मला का नाही? काइसा त्यांना समजावायची. प्रत्येक पेटी नवी असते, आधीच्या पेटीत काय होतं ते तिला ठाऊक नसतं. चारशे पेट्या उघडल्या तरी शंभरातले सदतीस जण रिकाम्या हातानेच उठणार. त्यात रडण्यासारखं काही नाही. तिची ही शिकवणी पानाच्या अगदी वर लावलेली होती आणि लोक तिला मास्तरीणबाई म्हणत. तिला ते मनापासून आवडायचं.

पण दोन हजार चारशे पेट्या उघडून हात रिकामा? तिने आकडेमोड केली होती. असं हजारात फार तर दोन-तीन जणांचं होईल. एवढं दुर्दैव पचवायला ती तयार नव्हती. 'चारशेत एक' हा कंपनीने छापलेला आकडाच खोटा होता.

"मी हे सगळं पानावर छापणार आहे, डॅड. माझ्या नावानिशी."

तिकडे चमचा वाडग्यावर वाजला. "घाई कसली? अजून काही रविवार बघू."

"साठ बघितले."

"मी अख्खा जानेवारी गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसायचो. एक मासा लागायचा नाही. म्हणून मी काही तळ्याविरुद्ध तक्रार केली नाही."

"तळ्याने चारशेत एक असं छापून दिलं होतं का?"

"ते नव्हतं दिलं," रेइनोंनी कबूल केलं. "आणि तुझं गणित चुकलंय असंही मी म्हणत नाही. ते कधी चुकलेलंच नाही. चर्चमध्ये मी सगळ्यांना हेच सांगतो. हल्ली मला बघितलं की लोक कॉफीचे कप घेऊन दुसऱ्या टेबलावर जातात."

"मग कंपनी खोटारडी."

"तीही खरी असेल."

"दोघं खरे, तर मग मुकुट गेला कुठे?"

"कॉफी ठेवलीय, बघून येतो," म्हणून रेइनो उठले.

काइसाला हसू आलं आणि थोडी कीवही. बिचारा माणूस. चाळीस वर्षं गोदीत खनिजाची जहाजं भरली, पण मोठ्या कंपनीपुढे कधी तोंड उघडलं नाही. मुलगी उघडते म्हटल्यावर त्यांना धास्ती वाटणारच. आपल्या दोघांच्या वतीने आपणच लढलं पाहिजे, असं तिने ठरवलं.

लढायचं तर रीतसर. सोमवारी सकाळी तिने कंपनीला पत्र पाठवलं. सोबत वहीची सगळी पानं, तारखा, दोघांच्या खेळाडूंची नावं. गुरुवारी दुपारपर्यंत उत्तर द्या, नाहीतर हे सगळं चाळीस हजार लोकांसमोर येईल. तसं तिने पानावर जाहीरही करून टाकलं. आता माघार नव्हती. ती चुकीची ठरली तर मास्तरीणबाईंचं कुणी पुन्हा ऐकणार नव्हतं. पण तिला भीती वाटली नाही. तीन दिवस ती लेख घासून-पुसून लखलखीत करत राहिली. ऑफिसात मान ताठ ठेवून वावरली.

गुरुवारी अकरा वाजता उत्तर आलं. जेवणाच्या खोलीत उभ्या उभ्याच तिने ते उघडलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'आपलं गणित अचूक आहे. इतकी काटेकोर नोंद आम्ही आजवर पाहिली नव्हती.' काइसाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढची माफी सावकाश वाचावी म्हणून ती खुर्ची ओढून बसली.

'आमच्या नोंदी आपल्या गणिताशी तंतोतंत जुळतात. आपल्या दोन हजार चारशे पेट्यांमधून सोन्याचा मुकुट सहा वेळा निघाला. सहाही वेळा "हमाल" या खेळाडूने तो त्याच क्षणी लोहाराला वितळवायला दिला. पहिला मुकुट निघाला, तो दुसऱ्याच रविवारी.'